सात गोल, हिशेबात शून्य

17 वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल पात्रता फेरीच्या कामात नवा होतो तेव्हा मला वाटायचं, संघ तगडा असला की झालं. पहिल्याच फेरीत हा भ्रम उतरला. तळाच्या संघाला आम्ही 7-0 ने धुतलं, बेंचवर नाच झाला. गटात दुसरे आलो आणि कळलं, त्या सात गोलांना काडीची किंमत नाही. काही गट चार संघांचे होते, काही पाचचे. दुसऱ्या आलेल्यांपैकी सरस संघच पुढे जाणार होते; त्यांची तुलना करताना सामने सारखे हवेत, म्हणून मोठ्या गटांत शेवटच्या संघाविरुद्धचे निकाल वगळले गेले. नियमावलीत हे छापलेलं होतं. वाचलं कुणी नव्हतं. आम्ही मात्र आठव्या गोलासाठी मुख्य पोरांना शेवटच्या मिनिटापर्यंत पळवलं, आणि खऱ्या लढतीच्या दिवशी त्यांचे पाय जड.

म्हणून आधी समान गुणांचं कलम वाचा, म्हणजे दोन संघांचे गुण सारखे झाले तर पुढे कोण, ते. काही स्पर्धांत आधी गोलफरक बघतात, काहींत आपसातला निकाल. शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरेल की जिंकावंच लागेल, ते त्यावर ठरतं. यलो कार्डांची वहीही तेव्हाच उघडा.

वयाचा घोळ पालकांना समजावताना घसा कोरडा पडतो. ‘17 वर्षांखालील’ म्हणजे सामन्याच्या दिवशी 17 पूर्ण नसलेला, असं नसतं. 2017 च्या विश्वचषकाला 1 जानेवारी 2000 किंवा त्यानंतरचा जन्म चालत होता. म्हणजे ऑक्टोबरात पावणेअठरा वर्षांचा मुलगाही नियमात बसत होता. शिवाय नुसत्या दाखल्यावर भागत नाही. या विश्वचषकात 2009 पासून फिफा मनगटाचा एमआरआय करते. हाडाची वाढपट्टी, म्हणजे वाढ होते तो टोकाजवळचा कूर्चेचा भाग, पूर्ण जुळलेली दिसली की मुलाचं वय जास्त असल्याची शंका येते. निवड करून, पासपोर्ट-व्हिसा काढून मग ही तपासणी करणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका बघणं.

आता यजमानपद. अंतिम स्पर्धेच्या यजमानाला सहसा थेट जागा मिळते. 2017 साली 24 संघांत भारत तसाच खेळला. पात्रता गटाच्या यजमानाला मात्र फक्त घरचं मैदान मिळतं, जागा कमवावीच लागते. सराव मैदान वेगळं ठेवा. मुख्य मैदानावर सगळ्यांना सराव करू दिला, तर तिसऱ्या दिवशी गोलसमोर गवत उरत नाही. खेळाडू अल्पवयीन, त्यामुळे पालकांची लेखी संमती आणि मुक्कामी जबाबदार माणसं हवीत. बाकी बस, पाणी, जेवण जमून जातं.

आणि सामन्याआधी दोन्ही संघांच्या जर्सीचे रंग ठरवणाऱ्या बैठकीला गोलकीपरची जर्सी स्वतः हातात घेऊन जा. मी एकदा फोनवर नुसतं ‘हिरवी’ म्हणालो होतो. समोरचा संघच हिरव्यात उतरणार होता, आणि आमच्या दुसऱ्या जर्सीची बॅग अजून विमानतळावर पडून होती.