टॉर्नेडो येऊन गेल्यावर गल्लीचा पंचनामा कसा करायचा

२० ऑक्टोबर २०१९, रविवार. टीव्हीवर काउबॉइज-ईगल्सची अमेरिकन फुटबॉलची मॅच चालू होती आणि रात्री नऊ वाजून गेल्यावर टेक्सासमधल्या उत्तर डॅलसमधून टॉर्नेडो (ढगातून जमिनीला टेकलेला वाऱ्याचा गरगरता भोवरा) घुसला तो थेट शेजारच्या रिचर्डसन शहरापर्यंत. आमचं घर वाचलं, पण मागच्या दोन गल्ल्या सकाळी ओळखू येईनात. मी मोबाईल घेऊन फिरलो, शंभरेक फोटो काढले आणि त्यातले निम्मे कुचकामी निघाले, कारण बघायचं काय तेच माहीत नव्हतं. आता माहितीये, म्हणून लिहितोय.

रात्री बाहेर पडू नका. टॉर्चच्या उजेडात लोंबकळणारी वायर दिसत नाही, आणि गॅसचा वास आला तर तिथनं सरळ मागे फिरा, फोटो गेला खड्ड्यात. सकाळी जाड सोलचे बूट घाला, सगळीकडे खिळे वर तोंड करून पडलेले असतात. कुणाच्या अंगणात जायचं तर आधी विचारा, बिचारे आपलं सामान शोधत असतात आणि आपण कॅमेरा रोखून उभे, बरं दिसत नाही.

पण उशीरही करू नका. चेनसॉवाले सकाळीच येतात आणि त्यांनी झाडं कापून रस्त्याकडेला रचली की सगळ्यात मोठा पुरावा गेला. कारण पहिला प्रश्न हा की टॉर्नेडोच होता की नुसता सरळ वारा? नासधूस किती झाली यावरून ते कळत नाही हो. त्याच वर्षी ९ जूनला डॅलसमध्ये क्रेन अपार्टमेंटवर कोसळली, एक जीव गेला, आणि तो टॉर्नेडो नव्हताच, ढगातून खाली आदळलेला वारा होता. अशा वाऱ्यात झाडं एकाच दिशेला किंवा पंख्यासारखी बाहेर फाकून पडतात. टॉर्नेडोत ती त्याच्या वाटेच्या मधल्या रेषेकडे वळून, एकमेकांवर आडवीतिडवी पडलेली सापडतात. म्हणून वाटेच्या लांबीने चालत बसू नका, वाट आडवी ओलांडा, या टोकाच्या धड झाडापासून त्या टोकाच्या धड झाडापर्यंत, आणि प्रत्येक पडलेल्या झाडाजवळ कंपास उघडून बुंध्याकडून शेंड्याकडे दिशा लिहा. रुंदीही त्यातच मिळते. (आई फोनवर विचारत होती, चक्रीवादळ आलं का रे? आई, चक्रीवादळ म्हणजे पुढच्या वर्षी श्रीवर्धनला आलं ते निसर्ग, आख्खा तालुका झोपवणारं. हे गल्लीच्या या बाजूचं घर उचलतं आणि समोरच्याच्या तुळशीच्या कुंडीलाही धक्का लावत नाही.)

आता घरं. वाऱ्याचा वेग कुणी मोजलेला नसतो, तो नुकसानीवरून मागे काढतात, आणि त्यासाठीच्या मोजपट्टीला ईएफ (एन्हान्स्ड फुजिता) स्केल म्हणतात. मूळ कल्पना फुजिता नावाच्या जपानी शास्त्रज्ञाची, १९७१ची, सुधारलेली २००७ पासून अमेरिकेत चालू. त्यात घर, शाळा, मोबाईल होम (कारखान्यात बांधून आणून ठेवलेलं हलकं घर), झाड असे २८ प्रकार आहेत आणि प्रत्येकात किती मोडलं त्याच्या पायऱ्या. साधारण बांधणीच्या घराची थोडी शिंगल्स (छतावरचे पातळ तुकडे) उडाली तर वारा अंदाजे ताशी ८० मैल, छताचा मोठा भाग गेला तर १२० च्या आसपास, सगळ्या भिंती झोपल्या तर १७०. झाड मुळासकट उपटलं की ९० च्या आसपास, खोडच मधून मोडलं तर ११० धरा.

इथेच सगळे फसतात, मीपण फसलो. नुसतं रिकामं काँक्रीट उरलेलं बघून लगेच "ईएफ फाइव्ह!" (स्केलची सगळ्यात वरची पायरी) ओरडायचं नाही, आधी खाली वाका आणि भिंतीची खालची लाकडी पट्टी काँक्रीटला कशी धरली होती ते बघा. नट-वॉशर लावलेले बोल्ट आहेत की नुसते खिळे ठोकलेत? खिळे असतील तर ते घर बऱ्याच कमी वाऱ्यातही सरकलं असतं. गॅरेजचं दार आत दबलंय का तेही बघा, ते आधी गेलं की वारा आत शिरून छताला खालून ढकलतो, म्हणजे छत उडण्यात वाऱ्याइतकाच त्या पत्र्याच्या दाराचाही हात. शेजारची झुडपं, मेलबॉक्स, कुंपण यांचेही फोटो काढा, कारण घर भुईसपाट आणि मेलबॉक्स ताठ उभा असेल तर काहीतरी जुळत नाहीये. आमच्या टॉर्नेडोला शेवटी ईएफ ३ मिळाला, ताशी १४० मैल, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर. एवढं होऊनही कुणी मेलं नाही.

फोटो काढताना लोकेशन चालू ठेवा. आधी लांबून चारही बाजूंनी, मग जवळून, बोल्टच्या फोटोत बाजूला नाणं किंवा पेन ठेवा म्हणजे आकार कळतो. भिंतीत घुसलेली फळी सगळे काढतात, व्हॉट्सअ‍ॅपवर भारी दिसते, पण वाऱ्याच्या वेगाबद्दल ती फार काही सांगत नाही.

मग हे सगळं वेळ आणि पत्त्यासकट नॅशनल वेदर सर्व्हिसच्या (अमेरिकेचं सरकारी हवामान खातं) तुमच्या भागातल्या ऑफिसला पाठवा, आमच्याकडे ते फोर्ट वर्थचं. त्यांची माणसं शक्यतो दुसऱ्याच दिवशी फिरतात पण प्रत्येक गल्लीत पोचत नाहीत. इन्शुरन्ससाठी मात्र वेगळा फोल्डर करा आणि छतावर निळी ताडपत्री टाकायच्या आधीचे फोटो त्यात हवेतच. शेजाऱ्याने घाईघाईत ताडपत्री टाकली, नंतर इन्शुरन्सचा नुकसान तपासणारा अ‍ॅडजस्टर आला, आणि बिचाऱ्याला ती परत काढून दाखवावी लागली, तेही पावसात.