सीसॅटचे उतारे आणि सकाळचा अग्रलेख
केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतील सीसॅट या आकलन व तर्कक्षमता तपासणाऱ्या 200 गुणांच्या पेपरमध्ये पात्र ठरायला केवळ 33 टक्के गुण पुरतात, म्हणून मी त्याकडे दुर्लक्ष केले आणि नेमका तेथेच अडकलो. नागपुरात सीताबर्डीतील अभ्यासिकेत जुनी उत्तरे तपासताना उमगले की, उताऱ्यात नसलेली पण मला ठाऊक असलेली गोष्टच मी पर्याय म्हणून निवडत होतो. मग रोज एक अग्रलेख घेऊन लेखकाचा मुख्य दावा एका वाक्यात लिहू लागलो आणि प्रत्येक निष्कर्षाला आधार देणारी ओळ पेन्सिलीने अधोरेखित करू लागलो. संत्र्याच्या भावावरील एका लेखात ‘काही बागायतदार’ असे स्पष्ट छापले होते. मी मात्र, पक्का वैदर्भीय, ‘सर्व’ वाचून मोकळा झालो होतो! पुढच्या खेपेस प्रत्येक चुकीच्या उत्तरापायी कापले जाणारे त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण बरेच वाचले.