इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स टेकड्यांमधली गावं गाडीनं बघायची तर

लातूर-नांदेडहून मुंबईमार्गे लंडनला उतरलात, की त्याच दिवशी स्टिअरिंग हातात घेऊ नका. झोप पुरी करा, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घ्या. भारतीय लायसन्सवर तिथं 12 महिने कार चालवता येते. रस्त्याची बाजू डावीच, पण वेग मैलांत: वस्तीत बहुधा 30, म्हणजे साधारण 48 किलोमीटर.

गाडी लहानच घ्या. खेड्यातले बरेच रस्ते आपल्या पाणंदीसारखे. दोन्हीकडं उंच झुडपं आणि मधे एकाच गाडीपुरती जागा. मधूनमधून रस्ता थोडा रुंद केलेला असतो. समोरून गाडी आली आणि ती रुंद जागा डावीकडं असली, तर आत शिरून थांबा. उजवीकडं असली तर रस्ता ओलांडू नका; त्या रुंद जागेसमोर आपल्याच बाजूला थांबा, समोरचा तिथून वळसा घालून जातो. गरज पडली तर गाडी मागं घ्यावी लागते, म्हणून रिव्हर्सचा हात पक्का हवा.

दिवसाला तीन गावं पुरेत. बायबरीला सकाळी नऊच्या आत पोचा, नंतर पार्किंग मिळत नाही. तिथल्या विणकरांच्या जुन्या घरांत आजही माणसं राहतात. खिडक्यांतून डोकावू नका. मग बोर्टन-ऑन-द-वॉटरला गाडी लावून लोअर स्लॉटरला पायीच जा. कॅसल कूम दूर दक्षिणेला आहे, त्याला वेगळा दिवस द्या.

दुपारनंतर बऱ्याच पबची स्वयंपाकघरं बंद असतात. शिदोरी हवीच, पण तूप, पेढे असे दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. दही न घातलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्या.