गाडीतली खडखड शोधताय? आधी या चुका टाळा

गणपती आटोपले की कोकणातल्या गॅरेजांसमोर गाड्या उभ्या राहायला लागतात आणि तक्रार ठरलेली असते: "पुढून खडखड येतेय, बघा जरा." उत्तरही बहुधा तयारच असतं: "लिंक रॉड गेलेत, बदलून टाकू." लिंक रॉड म्हणजे चाकांजवळचे छोटे जोडदांडे. कधी हे उत्तर बरोबर निघतं. पण बऱ्याचदा गाडीवाला पैसे देऊन बाहेर पडतो आणि पहिल्याच खड्ड्यात त्याला कळतं की लिंक रॉड नवे, खडखड जुनीच.

यात मिस्त्रीचा दोष अर्धाच. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला पनवेल-इंदापूर टप्प्यात २०११ साली हात लागला. तेव्हापासून वळणरस्ते, खडी आणि खड्डे यांनी इतके लिंक रॉड खाल्लेत की त्याच्या तोंडी आधी तेच नाव येतं. उरलेला अर्धा दोष आपला. आवाज येतो एवढंच आपण सांगतो, कधी येतो ते सांगत नाही.

'कुठून' विचारण्याआधी 'कधी' विचारा

सगळ्यात सोपी परीक्षा घराच्या खळ्यातच, म्हणजे अंगणातच होते. गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये, हळूहळू अॅक्सिलरेटर दाबा. उभ्या गाडीत आवाज आला तर सस्पेन्शन (चाकांचे धक्के झेलणारे भाग) निर्दोष सुटलं; शोध इंजिन, त्याचं माउंटिंग आणि सायलेन्सर एवढ्यापुरताच राहिला. उभ्या गाडीत काहीच नाही आणि चालत्या गाडीत रस्ता खराब झाला की खडखड, तर मग चाकांकडे वळा.

इथे गतिरोधक फार उपयोगी पडतो. रस्ताभर आडव्या गतिरोधकावरून गाडी अगदी सरळ, हळू न्या. पुढची दोन्ही चाकं एकदम उचलली जातात, तेव्हा अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनला लिंक रॉडांनी जोडणारी आडवी सळई) नुसता फिरतो, त्याला पीळ पडत नाही आणि लिंक रॉडवर जवळजवळ ताण येत नाही. आता अशा जागी जा जिथे एकच चाक खड्ड्यात जाईल. बारला पीळ पडतो आणि झिजलेला लिंक रॉड टकटक करून उठतो. म्हणजे गतिरोधकावर शांत पण एकेका चाकाच्या खड्ड्यात आवाज, तर संशय लिंक रॉडवर किंवा बारच्या बुशवर, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरावर घ्या. दोन्हीकडे आवाज असेल तर शॉकर, त्याचं वरचं माउंटिंग, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश हे बघा. गतिरोधक तिरका ओलांडलात तर ही परीक्षा फुकट जाते, कारण तेव्हाही एकच चाक आधी चढतं. आपल्याकडे खालचा भाग घासू नये म्हणून बहुतेक जण तो तिरकाच ओलांडतात!

खराब रस्त्यावर ब्रेकला नुसता पाय टेकवा. तेवढ्यानं खडखड थांबली तर ब्रेक पॅड आपल्या जागेत सैल हलताहेत, त्यांची पातळ क्लिप तुटलेली किंवा गंजलेली असते. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवताना कटकट आली तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा जॉइंट. अशा वेळी त्याचं रबरी बूट फाटलेलं आणि आसपास ग्रीस उडालेलं दिसतं.

कानावर एकट्यानं विसंबू नका

पत्र्याला जोडलेली वस्तू एका टोकाला वाजते आणि ऐकू येते दुसऱ्या टोकाला. मागच्या सायलेन्सरचा आवाज ड्रायव्हरला हँडब्रेकखाली वाटतो. त्यात चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं, असायलाच हवं. म्हणून गाडी दुसऱ्याच्या हातात द्या आणि तुम्ही मागे बसा, मग पुढे बसा, एसीचा पंखा आणि गाणी बंद करून.

आणखी एक उपाय कोकणात फुकट आहे. गावातल्या अरुंद रस्त्याला दोन्ही अंगांनी जांभ्याचे गडगे असतात. काच खाली करून गडग्याच्या कडेनं गाडी सावकाश न्या. गाडीखालचा आवाज भिंतीवर आपटून सरळ कानात येतो, मोकळ्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, तो हवेत विरून जातो. उजवीकडच्या गडग्यानं जास्त ऐकू येतं की डावीकडच्या, यावरून बाजू जवळपास पक्की होते. फक्त हे सकाळी लवकर करा, समोरून एसटी आली की मागे घ्यायला जागा नसते.

डिकी भरलेली ठेवून गाडी तपासायला नेऊ नका

मुंबईला जाणाऱ्या गाडीच्या डिकीत नारळ, तांदळाची पिशवी, कोकमाच्या बाटल्या, वर एखादा फणस असतो. परत येताना गॅसचा रेग्युलेटर नाहीतर पंखा. अशा गाडीत सस्पेन्शनचा आवाज शोधणं निरर्थक आहे. डिकी, दारांचे कप्पे, डॅशबोर्डचा कप्पा, सीटखालची जागा, सगळं रिकामं करा. मॅटसुद्धा काढा. चष्म्याच्या खणातलं पाच रुपयांचं नाणं काय धिंगाणा घालू शकतं ते ऐकल्याशिवाय पटत नाही.

मग जे काढता येत नाही ते बघा. जॅक आपल्या खाचेत ढिला असेल तर तो खाचेतच हातानं थोडा फिरवून उघडा, दोन्हीकडे टेकून घट्ट बसतो. स्टेपनीचा मधला बोल्ट शेवटपर्यंत आवळा; पंक्चर काढल्यावर तो अर्धवट राहतो. मागच्या सीटची पाठ नीट लॉक झालेली नसेल तर सीट रिकामी असताना वाजते आणि कोणी टेकून बसलं की गप्प होते. सीट बेल्टची धातूची जीभ खांबाच्या प्लॅस्टिकवर आपटते, तो आवाज थेट शॉकरसारखा वाटतो. बेल्ट लावून फेरी मारली की खात्री होते.

सायलेन्सरवरचा पत्रा: किनाऱ्याचा खरा आजार

खाऱ्या हवेत गंज लागतो हे सांगायला नको. पण तो आवाज कसा करतो ते बघण्यासारखं आहे. सायलेन्सरच्या पाइपाची धग गाडीच्या तळाला लागू नये म्हणून मध्ये एक पातळ पत्रा असतो, हीट शील्ड. तो बहुधा दहा नंबरच्या पान्यानं निघणाऱ्या लहान बोल्टांनी धरलेला असतो. बोल्ट शाबूत राहतो आणि त्याच्याभोवतीचा पत्रा गंजून कुरतडला जातो. भोक वाढत वाढत बोल्टच्या डोक्यापेक्षा मोठं होतं. आता बोल्ट जागेवर, आवळलेला, आणि पत्रा मात्र त्याच्याभोवती मोकळा थरथरतोय. खालून नजर टाकणारा मिस्त्री बोल्ट बघतो आणि "सगळं टाइट आहे" म्हणतो.

म्हणून नुसतं बघू नका, वाजवा. सकाळी गाडी चालू करण्याआधी, सायलेन्सर थंड असताना, मुठीनं किंवा रबरी हातोडीनं पाइपावर ठिकठिकाणी हलकेच ठोका. पत्रा झणझणला तर चोर सापडला. पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (पाइपातल्या धूर शुद्ध करणाऱ्या) डब्याच्या आतून खुळखुळ आली तर आतली जाळी फुटली आहे, ते काम मोठं आहे.

सैल पत्र्याला उपाय स्वस्त: बोल्टखाली रुंद वॉशर, आणि जिथे पत्रा पाइपाला गुंडाळलेला आहे तिथे वरून स्टीलची गोल क्लिप. "काढूनच टाकू की" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. ती धग तळाला आणि जवळच्या वायरिंगला लागते. शिवाय दिवाळीनंतर सड्यावरचं गवत वाळलेलं असतं. तापलेला कन्व्हर्टर गवतावर टेकून गाडी उभी केली तर पेट घेऊ शकतो.

सायलेन्सर रबरांवर लटकलेला असतो. रबर तुटलं की काही जण तिथे तार बांधतात. गावातून शहरात पोहोचेपर्यंत ठीक, पण तीच तार वर्षभर ठेवली की इंजिनाची थरथर सरळ बॉडीत जाते आणि एका आवाजाच्या जागी गुणगुणणारा दुसरा मिळतो. रबर लागलीच बदला.

दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडले किंवा जयगड-तवसाळ अशा फेरीबोटीनं जाणाऱ्यांनी इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं कव्हरही बघावं. ओहोटीला उतार जास्त असतो, बोटीवर चढताना ते घासतं, क्लिपा तुटतात आणि वेग वाढला की ते फडफडतं.

पानं, पाणी आणि उंदीर

पावसाळ्यात दारातून खळखळ ऐकू आली तर आत पाणी साचलंय. दाराच्या तळाला निचऱ्याची भोकं असतात, ती बुजतात. बारीक काडीनं मोकळी करा. सुरूच्या बनात गाडी लावायची सवय असेल तर काचेच्या खालच्या जाळीतही सुया भरलेल्या असतील, त्याही काढा.

बागेत उभ्या राहणाऱ्या गाडीचं बॉनेट उघडून बॅटरीच्या मागे हात घाला. उंदरांनी नेऊन ठेवलेल्या सुपाऱ्या तिथे वळणावळणाला गडगडतात. सुपारी सापडली तर वायरी कुरतडल्यात का तेही लगेच बघा, आवाजापेक्षा ते महागात जातं.

खालून जळकं ऑइल मारू नका

पावसाळ्याआधी गाडीखाली जुनं इंजिन ऑइल मारायची पद्धत अजून आहे. पत्रा थोडा वाचतो हे खरं, पण ऑइलनं रबर फुगतं आणि मऊ पडतं, बुश लवकर जातात. करकर थांबली म्हणून माणूस खूश होतो आणि पुढच्या मोसमात खडखड घेऊन परत येतो. रबरासाठी सिलिकॉन स्प्रे वापरा. गंजाचं म्हणाल तर किनाऱ्यावर गाडी फिरवून आल्यावर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्यानं धुणं हे ऑइलपेक्षा कधीही चांगलं. मुळात वाळूत गाडी उतरवायचीच कशाला, पण तो वेगळा विषय.

आवाज शोधताना जीव धोक्यात घालू नका

कोकणात टेकू द्यायला हाताशी काय असतं, तर जांभ्याचा चिरा. चाकामागे अडवायला तो ठीक आहे. पण उचललेल्या गाडीखाली चिऱ्याचा टेकू कधीही देऊ नका. जांभा सच्छिद्र असतो, वजन एका कोपऱ्यावर आलं की अचानक फुटतो. पावसात भिजलेल्या लाल मातीत जॅकही रुततो. खाली शिरायचंच असेल तर पक्क्या जमिनीवर, लोखंडी स्टँडवर. नाहीतर पिट असलेल्या गॅरेजमध्ये जा.

चाक काढून बसवल्यानंतर सुरू झालेली खडखड मात्र घरापर्यंतही नेऊ नका. जागेवर थांबून चाकाचे नट बघा. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावी-उजवीकडे जाणवला तर टाय रॉड, म्हणजे स्टेअरिंगचा चाकाला वळवणारा दांडा. यातलं काही असेल तर घाट चढायचा नाही.

लोअर आर्मचे बुश बदलले तर त्यांचे बोल्ट शेवटचे कधी आवळले ते विचारा. गाडी हवेत, चाकं लोंबकळत असताना आवळले तर जमिनीवर उतरवताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुशही लवकर फाटतो. गाडीचं वजन चाकांवर घेऊनच ते आवळायचे.

आणि काम सांगण्याआधी मिस्त्रीला शेजारी बसवून आवाज ऐकवा, काम झाल्यावर त्याच रस्त्यावर पुन्हा फेरी मारा. काढलेले पार्ट मागून घ्या. जुन्या लिंक रॉडच्या टोकाचा बॉल बोटांनी हलवून बघा: सैल लोंबला तर तो गेला होता. हलवायला जोर लागत असेल, तर आवाज अजून गाडीतच आहे.