परदेशात बदली झाल्यावर मुलांच्या शाळेची घडी कशी बसवावी

दुबई, सिंगापूर किंवा लंडनची बदली हातात पडली की घरात आधी फ्लॅटची चर्चा सुरू होते. ती थांबू द्या. शाळेची निम्मी कामं मुंबईतच उरकावी लागतात.

आधी नाव तपासा. शाळेच्या दाखल्यावर आडनाव पुढे, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी मुलाच्या नावाला जोडलेलं असतं, कधी नसतंच. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर तिसराच प्रकार. तिन्ही कागद शेजारी ठेवून स्पेलिंग जुळवा. दुरुस्ती असेल तर मुलाचं नाव पटावर असतानाच अर्ज द्या, नाव कमी झाल्यावर ते जड जातं. शाळा सोडल्याचा दाखला एप्रिलमध्येच मागा, मे महिन्यात शाळेचं ऑफिस धड उघडं नसतं. मुख्याध्यापकांच्या सहीनंतर शिक्षण विभागाची प्रतिस्वाक्षरी आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा शिक्का), असा साधारण क्रम असतो. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, पण अमिरातीसारख्या ठिकाणी वकिलातीचा शिक्का लागत आला आहे. नेमकं काय हवं ते नव्या शाळेकडून लेखी घ्या. आणि दाखला जपायचा म्हणून लॅमिनेट करू नका, शिक्का मारणारे तो परत करतात. लसीकरणाचं कार्ड घडीवर फाटलेलं असेल तर डॉक्टरांकडून तारखांसह टाइप केलेलं पत्र घ्या.

इयत्तेवरून हमखास घोळ होतो. ब्रिटिश पद्धतीच्या शाळेतलं ‘इयर ७’ म्हणजे आपली सहावी. तिथे वयाची रेषा सहसा ३१ ऑगस्टला असते. मुलाला एक वर्ष वर चढवलं म्हणून खूश होऊ नका, आणि वरच्या वर्गात घ्या म्हणून भांडूही नका.

एसएससी बोर्डाच्या शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये संपतं, तिकडचं बहुधा ऑगस्टअखेर सुरू होतं. मधल्या चार महिन्यांत क्लास लावू नका, एकच सवय लावा: आठवड्यातून एकदा एखाद्या विषयावर दोन ठिकाणी वाचायचं, पुस्तक मिटवायचं, स्वतःच्या शब्दांत दहा ओळी लिहायच्या आणि खाली माहिती कुठून घेतली ते नोंदवायचं. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचा चार्ट आणायचा, कापून चिकटवायचा, मजकूर उतरवून काढायचा, झाला प्रोजेक्ट! तिथे याला उचलेगिरी म्हणतात आणि पालकांना बोलावणं येतं. मुलाला मात्र आपलं काय चुकलं तेच कळत नाही, कारण इथे त्याच कामाला ‘छान’ असा शेरा मिळालेला असतो.

गुणांचा हिशेबही बदला. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या मधल्या टप्प्यात (वय ११ ते १६) प्रत्येक विषयाला चार निकष, प्रत्येकी ८ गुण, म्हणजे ३२, आणि त्यावरून १ ते ७ अशी श्रेणी. पाच म्हणजे एकाहत्तर टक्के नव्हे. ‘वर्गात कितवा आलास?’ या प्रश्नाला तिथे उत्तर नसतं. त्याऐवजी कुठल्या निकषात मागे पडला ते विचारा.

मराठी माध्यमातून गेलेलं मूल पहिले काही महिने वर्गात गप्प बसतं. घाबरू नका, ते ऐकत असतं. मैदानावरचं इंग्रजी एक-दोन वर्षांत येतं, पण पाठ्यपुस्तकातलं इंग्रजी जमायला पाच-सात वर्षंही लागतात. म्हणून फाडफाड बोलतो म्हणून पूरक इंग्रजीचा तास लवकर बंद करू नका. घरात मराठी सोडून मोडक्या इंग्रजीत बोलणं तर फारच चुकीचं. बाष्पीभवन मराठीत समजलं की इंग्रजीत फक्त शब्द शिकायचा राहतो.

डब्याचं आधीच सांगून ठेवा. अनेक शाळांत शेंगदाणा पूर्ण बंद असतो. म्हणजे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची चटणी, चिक्की, सगळं बाद. डबा वाटून खाण्यालाही मनाई असते. आपल्या मुलांना हे विचित्र वाटतं, पण कुणाच्या तरी ॲलर्जीचा प्रश्न असतो.

आता परतीचं. बदली दोन-तीन वर्षांची असेल तर हे पहिल्या दिवसापासून डोक्यात हवं. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे, त्यामुळे सहावीत परतलेल्या मुलापुढे मराठीचा पेपर येतो. बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात, ‘किशोर’चे जुने अंकही. रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या, शनिवारी पाच ओळी शुद्धलेखन. जवळ महाराष्ट्र मंडळ असेल (लंडनचं तर १९३२ पासून आहे) तर तिथे मुलांसाठी काय चालतं ते बघा.

मोठ्या मुलांचं दुखणं वेगळं. ‘नीट’ या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी बारावीच्या पातळीवर भौतिक, रसायन आणि जीव हे तिन्ही विषय लागतात. आयबी डिप्लोमाच्या (म्हणजे तिथल्या अकरावी-बारावीच्या) नेहमीच्या सहा विषयांच्या रचनेत विज्ञानाचे दोनच बसतात. तिसरा घ्यायचा तर शाळेमार्फत खास परवानगी काढावी लागते, आणि प्रत्येक शाळा त्या भानगडीत पडत नाही. ब्रिटिश पद्धतीत याच टप्प्याला ए लेव्हल म्हणतात, तिथे तिन्ही सरळ घेता येतात. इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्याने आयबीत गणिताचा ‘ॲप्लिकेशन्स’वाला पर्याय टाळून ‘ॲनालिसिस’ घ्यावा. विषयांचा हा प्रश्न शाळेच्या कोऑर्डिनेटरला नववी संपतानाच विचारा, दहावीच्या मध्यावर बहुतेक शाळांचे विषयांचे रकाने ठरून गेलेले असतात.