गलाईसाठी तमिळनाडूत संसार हलवताना

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली पोरं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या दुकानांवर परराज्यात जातात. भट्टी, मूस (आटवायचं भांडं), टंच (शुद्धतेची पारख) हे सगळं शेठ शिकवतो. परक्या मुलखात घर बसवायचं कसं, हे मात्र निघण्याआधीच समजून घ्या.

पहिला गोंधळ वजनाचा. आपला तोळा 10 ग्रॅमचा, तिकडचा पवन 8 ग्रॅमचा. 5 पवन म्हणजे 40 ग्रॅम. बोलताना काहीही म्हणा, वहीत ग्रॅमच लिहा.

वहीत तारीख, गिऱ्हाईकाचं नाव, मोबाईल, ओळखपत्राचा नंबर, आलेलं वजन, आटल्यावरचं वजन आणि सही हवीच. दागिना मुशीत टाकण्याआधी त्याचा फोटो काढा, कारण वितळल्यावर तो ओळखायची खूणच राहत नाही. चोरीचा माल घेतल्याचा संशय आला (भारतीय न्याय संहिता, कलम 317) तर परगावच्या माणसाला हीच वही आधार देते. अनोळखी माणूस तुटके दागिने आणून घाई करत असेल, तर काम नाकारा.

राहती खोली दुकानाला लागून घेऊ नका. नायट्रिक ॲसिडचा तपकिरी धूर लेकरांच्या छातीला वाईट, आणि शेजाऱ्यांशी पहिलं भांडण त्याच्यावरूनच होतं.

भाषा बोलण्यापासून धरा, अक्षरं नंतर. आधी शंभरापर्यंत आकडे आणि वार, मग ‘एव्वळवु’ (किती), ‘नाळै वांग’ (उद्या या). हिंदीच्या भरवशावर राहू नका. लहान गावात ती फारशी चालत नाही. रोज संध्याकाळी गाववाल्यांतच बसलात, तर तमिळ कधीच येणार नाही. घरच्या बाईला ती तुमच्याइतकीच लागते: दवाखाना, बाजार, शाळा तिलाच सांभाळावी लागते. तिला घरात कोंडून ठेवणं हा अन्याय आहे. शेजारणीकडे जाणं-येणं पहिल्या आठवड्यातच सुरू करून द्या.

रेशनकार्ड गावचंच चालतं. प्रत्येकाचं आधार जोडून, ई-केवायसी करूनच निघा.

मुलांचं मात्र नीट ठरवा. तिथं 2006 च्या कायद्यानं दहावीपर्यंत तमिळ शिकावं लागतं. पहिलीतलं पोर सहज शिकतं, आठवीत नेलेलं अडखळतं. 6 ते 14 वयात शाळा सोडल्याचा दाखला हातात नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. पण पुढं महाराष्ट्राच्या कोट्यातून डॉक्टरकीला जायचं, तर अधिवास दाखल्याबरोबर दहावी-बारावीही साधारणपणे इथूनच झालेली लागते. म्हणून आठवीतच निर्णय घ्या. जातीचा दाखला आपल्याच प्रांत कार्यालयातून काढून ठेवा. तमिळनाडूच्या राज्य आरक्षणासाठी तो चालत नाही.