नदीतल्या बेटावरच्या वस्तीचा इतिहास आणि पशुपक्षी कसे लिहून काढायचे

कर्नाटकातल्या चिकोडी, रायबाग, अथणी, जमखंडी साईडला कृष्णेकाठच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत, काही वस्त्या अशा हायत की पावसाळ्यात चारी बाजूनं पाणी आलं की बेटच होतं. कुणाला आपल्या वस्तीचं लिहून काढायचं असेल तर एक गोष्ट पहिल्यापासून धरा, प्रत्येक नोंदीत महिना आणि पाणी कुठपर्यंत होतं ते लिहायचंच. तिथं माणसं कधी आली, कधी उठली, पाखरू कुठं अंडी घालतंय, सगळं पाण्यावर ठरतं.

सुरुवात आज्जा-आज्जीपासून करा, पण "कुठल्या साली?" असं विचारू नका, साल कुणाच्या लक्षात राहत नाही. कोयनेचा भूकंप झाला (डिसेंबर 1967) त्याआधी का नंतर, बहात्तरच्या दुष्काळात नदी चालत ओलांडली का, 2005 आणि 2019 च्या पुरात पाणी कुठल्या पायरीला लागलं, असं विचारलं की आपोआप बोलायला लागतात. पुराची खूण भिंतीवर दाखवली तर तिथंच टेप लावून जमिनीपासूनची उंची मोजा. काहिलीचं पण विचारा, गुळाची काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, पाण्यात सोडून त्यात माणसं, शेरडं, धान्याची पोती पलीकडं न्यायची, ती कोण वल्हवायचं, किती माणसं बसायची, हे कुठल्याच सरकारी कागदात सापडायचं नाही.

कागदाचं मात्र डोकं लावून करावं लागतं. जनगणनेत वस्तीचं नाव शोधत बसू नका, ती मूळ गावात मोजलेली असते, त्यामुळं आधी पहाणी उताऱ्यावरून (आपल्याकडचा सातबारा) गाव आणि सर्व्हे नंबर काढा. मग बघा ते गाव कुणाकडं होतं, कारण चिकोडी इंग्रजांकडं, रायबाग कोल्हापूर संस्थानात, जमखंडी पटवर्धनांची, म्हणजे एकाच नदीकाठचं दप्तर वेगवेगळ्या ठिकाणी. रायबागचं असेल तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात विचारा, आणि जुने कागद मोडीत असणार, वाचणारा माणूस आधी गाठा. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, त्यानंतरचं बरंचसं कन्नडमध्ये, तिथं शेजारचा कन्नड मास्तर कामाला येतो. 1884 चं बेळगाव गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांनी छापलेलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, नेटवर फुकट मिळतं, पण त्यात लहान वस्तीचं काही मिळेल याची फार आशा ठेवू नका, नदी, पीक आणि बाजाराचं मात्र चांगलं आहे.

आता पाखरं. थंडीत एकदा घटप्रभेला धुपदाळच्या बंधाऱ्यावर जाऊन या, 1974 पासून ते पक्षी अभयारण्य आहे, कांड्या करकोचे येतात, डोळा तयार होतो. मग आपल्या बेटावर सकाळी लवकर फिरायचं. टिटवी, कवड्या खंड्या, शेकाट्या, नदी सुरय ही नावं ईबर्ड या पाखरांच्या नोंदीच्या ॲपवर टाकत जा, आवाजावरून पाखरू ओळखायला मर्लिन ॲप आहे पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास नको, दिसल्याशिवाय लिहू नका. मार्च ते मे सुरय उघड्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालते, रंग वाळूसारखाच, त्यामुळं पाय बघून टाका. पाणमांजर सहसा दिसत नाही, पण काठच्या खडकावर माशाचे खवले आणि खेकड्याची कवचं चिकटलेली, वासाची विष्ठा दिसली तर तीच खूण, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा. मगरीचा माग वाळूत, मधोमध शेपटीची रेघ आणि दोन्हीकडं पावलं, असा दिसला की तिथून मागं फिरायचं, फोटो लांबूनच. पुरात साप उंचवट्यावर गोळा होतात, कुठं आणि कुठल्या जातीचे ते नावाड्याला विचारा, त्याला पाठ असतं.

लिहून झालं की एक प्रिंट शाळेत द्या. घरट्याची आणि पाणमांजराच्या बिळाची जागा मात्र त्यात नको, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको, दुसऱ्या दिवशी गाड्या भरून पोरं येतात.